मातीचे परळ

"सोड!" मी ओरडले.

खड्ड्यात यंत्राची स्प्रिंग खाडकन सुटली आणि तांबडा परळ माझ्या डाव्या अंगानं वर चढला. धुकं होतं. परळ धुक्यात शिरला, दिसेनासा झाला, पुन्हा दिसला. मी दुनळी खांद्याला घेतली, नळी त्याच्या मागून नेली, त्याला गाठलं, वीतभर त्याच्या पुढे गेले आणि चाप ओढला.

"ठोऽ!"

हा आवाज माझ्या तोंडाचा. बंदूक रिकामी होती. परळ आपला सुखानं तरंगत पलीकडच्या कापलेल्या गवतात जाऊन पडला.

"लागला का गं?" खड्ड्यातून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं.

"लागला की!"

"मग फुटला कसा न्हाई?"

"तोंडाच्या काडतुसानं फुटतोय व्हय, अण्णा!"

खड्ड्यातून हसण्याचा आवाज आला. वर फरशी टाकलेली असल्यामुळे तो जमिनीच्या पोटातून आल्यासारखा वाटायचा. मग मी गवतात पळत जायची, परळ शोधून आणायची, दंव पुसायची आणि परत त्यांच्या हातात द्यायची. असं सकाळी शाळेआधी चाळीस-पन्नास वेळा. याला आता अठ्ठावीस वर्षं झाली, पण पहाटेचं धुकं दिसलं की आजही माझा उजवा खांदा आपोआप वर येतो.

परळ म्हणजे माठावर झाकायची मातीची खोलगट ताटली. आम्ही कुंभार. बंदुकीशी आमच्या घराण्याचा संबंध एवढाच, की निवृत्त सुभेदार शिंगट्यांच्या घरी दर उन्हाळ्यात आमचा माठ जायचा. सुभेदारांनी गावाबाहेरच्या वडारांच्या जुन्या खाणीवर नेमबाजीचं छोटं मैदान केलं होतं. रीतसर परवानगी काढलेली, भिंतीवर कागद चौकटीत लावलेला. ते त्याला क्लब म्हणत. क्लबात एक पत्र्याची शेड, फौजेतून निकालात निघालेलं एक यंत्र, त्यांची स्वतःची दुनळी आणि नेमबाजी शिकायला येणारी दोन-तीन पोरं, एवढीच मालमत्ता. यंत्र हवेत थाळी फेकायचं आणि ती उडती थाळी छऱ्यानं फोडायची, असा तो खेळ.

नववीच्या सुट्टीत मी अण्णांबरोबर माठ पोचवायला गेले आणि तिथंच खिळले. काळी थाळी वर जाते काय, ठो होतं काय, आणि जिथं थाळी होती तिथं नुसता धूर उरतो काय! सुभेदारांनी माझं तोंड बघितलं असणार. "ये पोरी," म्हणाले, "बघ जमतं का." त्यांच्याजवळच्या पाच थाळ्या त्यांनी माझ्यासाठी सोडल्या. मी तीन फोडल्या.

सुभेदार अण्णांना म्हणाले, "केरबा, ही पोर मला दे."

"घ्या की," अण्णा म्हणाले. "पण साहेब, त्या काळ्या थाळ्या आमाला परवडायच्या न्हाईत."

"काडतुसं मी बघतो थोडीफार. रविवारी आठ. बाकीचे दिवस रिकाम्या बंदुकीनं हात बसवायचा. थाळ्यांचं मात्र तू बघ. मातीच्याच असतात तशा."

मातीच्या म्हटल्यावर अण्णांनी जी मान ताठ केली, ती मला अजून दिसते.

पहिले परळ त्यांनी पातळ केले. गवतात पडले की फुटायचे. एका सकाळी पंधरा गेले, आणि ते मी गोळा करून आणले तेव्हा अण्णांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्या तोंडावर त्यांना नावं ठेवली. "थांब," म्हणाले. दुसऱ्या खेपेला माती दोनदा चाळली, कड जाड ठेवली, आणि भांडी भाजायचा आवा लावताना परळ मधोमध, ऐन धगीच्या पोटात रचले. आवा उघडला तेव्हा एकेक परळ बोटाच्या पेरानं वाजवून घेतला. हा आमच्या घरचा रिवाजच. जो भद्द वाजेल तो तिथल्या तिथं फोडायचा. कच्चं भांडं आमच्या उंबऱ्याबाहेर जात नाही, असं अण्णा म्हणायचे आणि त्यांचे वडीलही म्हणायचे. त्या खेपेचा एकही भद्द वाजला नाही. टण्ण, टण्ण, टण्ण. देवळातल्या घंटेसारखे.

"आता फेक किती फेकतीस," अण्णा म्हणाले.

आणि खरंच, एकेक परळ पन्नास-पन्नास वेळा आभाळात जाऊन आला तरी शाबूत. अण्णा बाजारात लोकांना सांगायचे, माझा परळ यंत्रानं फेकला तरी फुटत नाही म्हणून.

ती पूर्ण थंडी मी जागेपणी स्वप्नात होते. परळ वर चढतो, चढतो, आणि खाली वळायच्या आधी एक क्षण नुसता थांबतो. तो क्षण मला सगळीकडे दिसायला लागला. इतिहासाच्या तासाला फळ्यावर, तव्यावरून उतरणाऱ्या भाकरीत, न्हाणीच्या कवडशात. आई म्हणायची, "पोरीला भूल पडलीया." पडलीच होती. त्या थांबलेल्या क्षणात मी असायची आणि परळ असायचा, तिसरं कुणी नसायचं. आमचं दोन खोल्यांचं घर नसायचं, दहावी नसायची. मी इतकी सुखी नंतर फार वेळा झालेली नाही.

फक्त रविवारी जाग यायची.

रविवारी खरी काडतुसं. तेव्हा यंत्राचं तोंड गवताकडून फिरवून खाणीच्या बाजूला करायचं, म्हणजे छरे खाणीतल्या पाण्यावर पडतात, कुणाला धोका नाही. अण्णा खड्ड्यात. त्यांना वरचं काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. बंदुकीचा आवाज आणि त्यामागून, लागला तर, खळ्ळ. आठ बारांत असा खळ्ळ एकदा, फार तर दोनदा. उरलेले परळ तसेच्या तसे जायचे आणि पाण्यात डुबुक करायचे.

"नळी बरोबर फिरतीय तुझी," सुभेदार म्हणायचे. "पाय बरोबर, खांदा बरोबर. मग जातंय कुठं?"

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "मला नळी दिसते," ते म्हणायचे, "थाळी नाही दिसत." म्हणून फुटला का गेला, हे सांगायचं काम हर्षद निकमकडे असायचं.

हर्षद माझ्याच वयाचा. त्याचे वडील साखर कारखान्यात शेती अधिकारी, त्यामुळे त्याच्या काळ्या थाळ्यांचा खोका पुण्याहून यायचा. त्याचा नेम चांगला होता आणि, खरं सांगायचं तर, पोरगाही चांगला होता. वैताग यायचा त्याचा. दुष्ट असता तर बरं झालं असतं.

"गेला," तो सांगायचा. आणि प्रत्येक वेळी त्यालाच वाईट वाटल्यासारखा.

एकदा मी त्याला म्हणाले, "हर्षद, परळ मधेच दचकल्यासारखा झाला ना रे? आत्ता, वर असताना?"

"दचकला?"

"म्हणजे... अंग चोरल्यासारखं केलं त्यानं."

तो हसला. "वैजू, तू झोपेत नेम धरतेस की काय?"

मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. पण परळ दचकायचा. बार झाला की हवेत जरासा झटका खायचा, कधी एक कड खाली करायचा आणि मग पुढे जायचा. मी मनाची समजूत घातली. आपल्याला जे हवं असतं ते दिसतं, त्यातलाच हा प्रकार.

त्याच रविवारी जाताना हर्षदनं त्याच्या खोक्यातल्या चार काळ्या थाळ्या माझ्यापुढे धरल्या. "घे की. एकदा ह्यावर मारून बघ."

खड्ड्यातून अण्णा नुकतेच वर येत होते, गुडघे झाडत. त्यांनी ऐकलं.

"नको," मी म्हणाले. "आमच्या घरी ढीग आहेत."

अण्णांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मला वाटलं, आपण आज बरोबर बोललो. त्या चार थाळ्या घेतल्या असत्या तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण सोळाव्या वर्षी माणूस बापाच्या मातीचा अपमान होऊ देत नाही.

पुण्याला मे महिन्याच्या शेवटी राज्याच्या संघाची निवड होती. क्लबातून एकच नाव जाणार. सुभेदारांनी मला आणि हर्षदला समोर बसवून सांगितलं, "एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पंचवीस-पंचवीस. ज्याचे जास्त, त्याचं नाव. माझी नात असती तरी हाच हिशेब."

मी पुण्याला जायचं ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, मी रोज जाऊन येत होते. तिथलं मैदान मी पाहिलेलं नव्हतं, पण मला ते पाठ होतं. हिरवळ, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि मी "सोड!" म्हटल्यावर सगळं गप्प होतं. गावातल्या कुठल्याच मुलीनं पाहिलेलं नव्हतं ते मला बघायचं होतं. आईनं सांगून ठेवलं होतं, "पुण्याचं झालं तर झालं, न्हाईतर जूनपास्नं हे बंद. हाताखाली माणूस लागतंय मला."

त्या रविवारी हर्षदनं त्याच्या खोक्यातल्या अठरा फोडल्या.

मी सहा.

बाकीचे एकोणीस परळ खाणीत गेले, एकामागून एक, सावकाश. पाणी खाली गेलं होतं, त्यामुळे डुबुक आवाजही खोलातून यायचा. बार झाला की खड्ड्यात अण्णा जरा वेळ थांबायचे, खळ्ळची वाट बघायचे आणि मग पुढचा परळ लावायचे. मला दिसत नव्हतं, पण ते थांबणं मला ऐकू यायचं.

सुभेदारांनी माझ्या हातातून बंदूक घेतली. "वैजू, नाव हर्षदचं जाईल."

"हो," मी म्हणाले.

"तू रिकाम्या बंदुकीनं इतकी देखणी मारतेस, बेटा. मला कळत नाही."

परत येताना अण्णा बाजूनं चालत होते, डोक्यावर उरलेल्या परळांची पाटी. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "खड्ड्यात दम कोंडतो. माझ्याच्यानं वेळेवर सुटत नसंल का गं?"

"नाही अण्णा. मलाच येत नाही."

ते बोलल्यावर मला रडू फुटलं. रस्त्यात, दिवसाढवळ्या. अण्णांनी पाटी खाली ठेवली आणि माझं होईपर्यंत माझ्याजवळ उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "डोळ्यात काय तरी गेलंय."

पुढचे पंधरा दिवस मी आईच्या हाताखाली माती तुडवली. खाणीकडे फिरकले नाही. आभाळात काही उडालं तरी बघायचं नाही, असं ठरवलं. घारीसुद्धा.

मे महिन्यात तळी-डबकी आटली की आमच्याकडे गाळ आणायला जातात. आटलेल्या पाण्याचा गाळ म्हणजे लोण्यासारखी माती. त्या वर्षी अण्णा गाढव घेऊन खाणीत उतरले. सकाळी गेले ते दुपारी जेवायला आले नाहीत. उन्हं कलायला लागली तेव्हा आले. गाढवाच्या पाठीवर एकच पोतं, आणि त्यात गाळ नव्हता.

"गाळ आणाय गेला हुता का परळ येचाय?" आई म्हणाली.

अण्णांनी पोतं अंगणात सोडलं. चिखलानं लडबडलेले परळ. एकेक करून रांगेनं मांडले, घागर घेतली आणि त्यांच्यावर पाणी ओतत गेले.

"वैजे, हिकडं ये."

मी गेले.

"खाली उतरलो," अण्णा म्हणाले, "तर चिखलात हे. माझे परळ. पाच म्हैने पाण्यात, आन् शाबूत. लई बरं वाटलं बघ मला. म्हटलं, काय भाजणी हाय केरबाची! एक उचलला, धोतरानं पुसला." त्यांनी एक परळ माझ्या हातात दिला. "आता तू बघ."

परळाच्या पोटावर टवके होते. मोहरीएवढे, बारीक, आतली माती दिसणारे. मी मोजले. सात. दुसरा उचलला. कडेला चार, मध्ये दोन. तिसरा. चौथा. मी खाली बसले. एका परळाच्या कडेत एक छरा तसाच रुतून बसलेला, शिशाचा, काळपट.

अंगणात चाळीस परळ होते. एकतिसांवर छरे लागलेले होते.

"ते दचकायचे," मी म्हणाले. "अण्णा, ते खरंच दचकायचे."

अण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. हातात परळ. सवयीनं त्यांनी पेरानं तो वाजवला. टण्ण. पाच महिने चिखलात राहूनही टण्ण. तो आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"पोरी, नेम तुझा चुकत नव्हता," ते म्हणाले. "भाजणी माझी चुकली."

मला त्यांचा राग यायला हवा होता का? आला नाही. मला एवढा आनंद झाला होता, की मी ते चिखलाचे परळ उराशी धरून बसले आणि आई ओरडली, "अगं ए, परकर बघ तुझा!"

अण्णा तसेच, चिखलाच्या पायांनी, सुभेदारांकडे गेले. मी मागून. उभ्या आयुष्यात अण्णांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. दारात उभे राहून त्यांनी तीन परळ पुढे केले. सुभेदारांना दिसलं नाही, तेव्हा त्यांचं बोट धरून त्या खळग्यांवरून फिरवलं.

सुभेदारांचं बोट एका खळग्यावर थांबलं. "अरे देवा," ते म्हणाले. "चिलखत केलंस रे केरबा."

"साहेब, नाव गेलं का पुण्याला?"

"सोमवारी जायचंय."

"मग रविवारी तिला परत पंचवीस द्या. मागं कधी मागितलं न्हाई, परत मागणार न्हाई."

"थाळ्या कुठल्या? हर्षदचा खोका संपला. नवा महिनाअखेर."

"मी करतो," अण्णा म्हणाले. "फुटणारे."

सुभेदारांनी मला विचारलं, "आणि हर्षदला कोण सांगणार?"

हर्षदला मीच सांगितलं. त्यानं परळ उलटसुलट करून पाहिला आणि त्याचे कान लाल झाले. "मी 'गेला' म्हणायचो," तो म्हणाला.

"गेलाच होता की. फुटला कुठं?"

"रविवारी मी लिहायला येतो," तो म्हणाला. "अठराच्या वर मारून दाखव."

पाच दिवस होते. आणि पाच दिवसांत अण्णांना असं काही करायचं होतं, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. वाईट भांडं.

पहिल्या मातीत राख जास्त घातली, तर चाकावरच ढासळली. दुसऱ्यात घोड्याची लीद आणि भुसा जास्त झाला. ते परळ वाळले, पण यंत्राच्या हातातच त्यांचे तुकडे उडाले. "झटका सोसला पायजे, छरा न्हाई," अण्णा स्वतःशीच पुटपुटत फिरायचे. जेवताना मधेच उठून जायचे. आवा लहान लावला, परळ कडेला रचले, धग चढायला लागली तशी अर्ध्यातून ओढून काढले. हात भाजला, त्यावर आईनं तेल लावलं.

"लोकांनी बघितलं तर काय म्हनतील?" आई म्हणाली. "केरबाचा आवा कच्चा निघाला म्हनून?"

"बघतंय कोण," अण्णा म्हणाले आणि परळांवर पोतं टाकलं.

बघितलंच. शनिवारी सकाळी गल्लीतल्या कमळाकाकू माठ न्यायला आल्या. माठ घेतला, वाजवला, खूश झाल्या. "झाकायला परळ द्या एक," म्हणत त्यांनी पोत्याखाली हात घातला. उचललेला परळ त्यांच्या मुठीतच दुभंगला. तांबडी भुकटी बोटांवर.

काकूंनी बोटं बघितली, मग अण्णांना बघितलं. "अण्णा, हात गेला वाटतं तुमचा."

मी तोंड उघडलं. अण्णांनी नुसती नजर टाकली माझ्याकडे. मग म्हणाले, "व्हय. वय झालं आता, काकू. चालायचंच."

काकू गेल्या. अण्णा दुभंगलेला परळ हातात घेऊन बसले, दोन्ही तुकडे कडेला कड लावून. मी म्हणाले, "का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? कुंभार कच्चं करतोय म्हनून सांगायचं?" आणि मग, तुकडे खाली ठेवत, "पर फुटला झकास. न्हाई का?"

रविवारी सकाळी धुकं नव्हतं. मे महिन्याचं स्वच्छ ऊन, खाणीकडून येणारा वारा. अण्णा पाटी घेऊन खड्ड्यात उतरले. सुभेदार खुर्चीवर बसले. हर्षद वही घेऊन त्यांच्या शेजारी.

"ओरडायचं नाही," सुभेदार त्याला म्हणाले. "तिचं लक्ष जातं. नुसतं लिहायचं."

मी दोन काडतुसं भरली. खरी. तोंडानं ठो म्हणायची सवय इतकी, की ओठ आधीच हलले.

"सोड!"

परळ वर चढला. फिकट, भाजणी अर्धवट असल्यामुळे गुलाबीकडे झुकणारा. मी त्याच्या मागून गेले, त्याला गाठलं, वीतभर पुढे. बार झाला.

परळ दचकला नाही. तो नव्हताच. त्याच्या जागी तांबडा ढग होता आणि आवाज कसलाही नाही. खळ्ळ नाही, डुबुक नाही. माती पुन्हा माती होऊन हवेत पसरली आणि वाऱ्यावर हळूहळू आमच्याकडे यायला लागली.

"सोड!"

पुन्हा ढग. मला वाटलं, मी झोपेत आहे. आणि असेन तर असू दे, मी म्हटलं, कुणी उठवू नका. डावीकडे ढग, उजवीकडे ढग. मधे काही सुटले. एक उंच गेला, दोन मी घाईत चुकवले. पण आभाळात सारखी तांबडी धूळ तरंगत होती, तीतून नवा परळ वर चढत होता आणि तो थांबायचा क्षण आला की मी तिथं आधीच पोचलेली असायची.

पंचविसावा झाला. मी बंदूक उघडून रिकामी काडतुसं काढली आणि वळले.

"किती?" सुभेदारांनी विचारलं.

हर्षदनं वही दोनदा मोजली. मग वही मिटली. "एकोणीस," तो म्हणाला. "सुभेदार काका, नाव तिचं घाला."

मी पळत खड्ड्याकडे गेले. अण्णा बाहेर आले नव्हते. वाकून बघितलं तर यंत्राच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेले. टोपी तांबडी, भुवया तांबड्या, खांदे तांबडे. गालांवरून दोन ओघळ आलेले आणि त्यांचा चिखल झालेला.

"अण्णा! एकोणीस!"

त्यांनी मान हलवली. "फुटले ते ठाऊक हाय."

"कसं काय? दिसत नाही ना इथनं?"

"आधी ऐकू काय येईना," अण्णा म्हणाले. "बार होतोय आन् पुढं काय न्हाई. खळ्ळ न्हाई. पहिले पाच-सहा झाले. म्हटलं, गेलं. परत मीच पोरीचं वाटोळं केलं. परळ लावाय हात उचलंना माझा." त्यांनी तळवे माझ्यापुढे धरले. "मग वारं आलं आन् हातावर हे पडाय लागलं."

तळव्यावर बारीक तांबडी धूळ होती. मी खड्ड्यात उतरले आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांनी त्या धुळीच्या हातानं माझ्या डोक्यावर थापटलं.

उठताना बघितलं तर पाटीशेजारी तीन परळ वेगळे ठेवलेले.

"हे कशाला ठेवलेत? घातले का नाहीत?"

"प्रत्येक वाजवून घातला," अण्णा म्हणाले. "हे तीन टण्ण वाजले. जरा जास्त भाजले वाटतं. बिघडले. म्हनून न्हाई घातले."

पुण्याला मी जाऊन आले. चाळीस पोरांत नववी आले, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. मैदान मात्र मी पाठ केलं होतं तसंच निघालं, पांढऱ्या रेघांसकट. अण्णा जाऊन आता अकरा वर्षं होतील. त्या तीन बिघडलेल्या परळांतला एक माझ्या घरी माठावर झाकण आहे. पाणी घेताना मी तो बाजूला काढते आणि सवयीनं पेरानं एकदा वाजवते.